रंगीत लेझर प्रिंटरची खरी परीक्षा राखाडी रंगात

प्रिंटर कसा छापतो हे बघायला आपण हमखास फुलांचा भडक फोटो छापतो. तो जवळजवळ कुठल्याही प्रिंटरवर बरा दिसतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही.

त्याऐवजी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू फिकट होत जाणारा राखाडी पट्टा छापा. पट्ट्यात मध्येच पायऱ्या दिसल्या किंवा राखाडीत गुलाबी-हिरवट झाक आली, तर रंगांचा तोल बिघडलाय. त्याच पानावर गडद निळ्या चौकटीत ६ पॉइंटची पांढरी अक्षरं ठेवा. निळा रंग निळसर (सायन) आणि किरमिजी (मॅजेंटा) टोनर, म्हणजे उष्णतेने कागदावर पक्की बसणारी रंगाची पूड, एकावर एक बसून तयार होतो. हे दोन रंग नेमके जुळले नाहीत, तर अक्षराच्या एका कडेला बारीक रंगीत रेघ उमटते. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा, लगेच सापडते. आधी प्रिंटरच्या मेनूतून कॅलिब्रेशन (रंग आपोआप जुळवून घेणं) करून घ्या, नाहीतर बिचाऱ्याला उगाच नापास कराल.

पान शक्यतो दिवसाउजेडी बघा. पिवळ्या दिव्याखाली फसायला होतं.

गडद भागावरून बोट घासा. रंग बोटाला लागला तर टोनर कागदावर नीट भाजला गेलेला नाही. बऱ्याचदा जाड कागद घालून सेटिंग साध्या कागदाचंच राहिलेलं असतं. आणि एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर पट्टीने ते अंतर मोजा. ते ड्रमच्या (ज्यावर आधी चित्र उमटतं त्या दंडगोलाच्या) किंवा एखाद्या रोलरच्या परिघाइतकं असतं, म्हणजे दोषी भाग तिथेच कळतो.