परदेशात फक्त इंग्रजीच्या जोरावर नोकरी शोधताना

जाहिरातीत काय लिहिलंय ते नंतर वाचा, ती कोणत्या भाषेत लिहिलीय ते आधी बघा. सगळा मजकूर जर्मनमध्ये आणि खाली 'इंग्रजी आवश्यक' असेल, तर रोजचं काम बहुधा जर्मनमध्येच चालतं. इंग्रजी ही वरची भर. जाहिरातीत 'बी२', 'सी१' असं दिसलं, तर ती युरोपातली भाषेची पातळी. ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या, आणि सी१ म्हणजे मीटिंगमध्ये बिनदिक्कत वाद घालता येईल इतकी भाषा. तिथल्या भाषेची अशी पातळी मागितली असेल, तर तिथं अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

मग व्हिसा. लोक हे हमखास विसरतात! ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये स्पॉन्सर म्हणून, म्हणजे परदेशी माणसाला नोकरी देऊन त्याच्या व्हिसाची हमी घ्यायला, मान्यता असलेल्या कंपन्यांची यादी सरकारच वेबसाइटवर टाकतं, फुकट. तिच्यात कंपनीचं नोंदणीकृत नाव शोधा. ब्रँडचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. खरं नाव कंपनीच्या साइटच्या अगदी तळाशी किंवा प्रायव्हसी पॉलिसीत सापडतं. यादीत नाव आहे म्हणजे याच जागेसाठी स्पॉन्सर करतील असं मात्र नाही. तेव्हा पहिल्याच फोनवर सरळ विचारून टाका, तिसऱ्या मुलाखतीपर्यंत थांबू नका.