फॉलोअर हजारो, पोस्टखाली चिटपाखरू नाही

काकूंचा कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा. इन्स्टाग्राम एका एजन्सीकडे होतं. ते माझ्याकडे आलं तेव्हा फॉलोअर हजारोंनी, पण बहुतेक बिनफोटोची बनावट खाती. ती रोज थोडी थोडी काढून टाकली. आकडा घसरला तशा काकू धास्तावल्या, पण मसाला घेणारं त्यात कुणी नव्हतंच.

सणांच्या शुभेच्छांची तयार चित्रंही बंद केली. त्याऐवजी डंकावर मिरची कुटतानाची रील टाकली, आवाज जसाच्या तसा, वर गाणं नाही. मग स्टोरीत विचारलं, "तुमच्याकडे संकेश्वरी मिरची जास्त घालतात की ब्याडगी?" बायका अक्षरशः तुटून पडल्या! कुणी सासरचं प्रमाण लिहिलं, कुणी रंगावरून वाद घातला. उत्तरं काकूंनी सांगायची, मी फक्त टाइप करायचं. मला तर हाच खरा उपाय वाटतो. माल बनवणाऱ्या माणसाची भाषा दुसऱ्याला जमत नाही.

एकीनं उघड लिहिलं, "फारच जहाल झालाय." कॉमेंट ठेवली. काकूंनी खाली सांगितलं, "ताई, पुढच्या वेळी कमी तिखट ब्याडगी वाढवून देते." तिनं पुन्हा मागवला, जावेलाही सांगितलं. आता मी लाइक मोजत नाही. सेव्ह, शेअर आणि मेसेज तेवढे बघते.