पोर्सलेनचे गेंद : सार्वजनिक भिंतीसाठी फुले घडवताना

पावसाळ्याच्या उत्तरार्धात कासच्या पठारावर गेलेल्या माणसाला गेंद कोणी दाखवावा लागत नाही. जांभ्याच्या कातळावर साचलेल्या बोटभर पाण्यात बारीक, पानांवाचूनच्या दांड्यांवर पांढऱ्या बटणांसारखी डोकी दाटीने उभी असतात, आणि लांबून पाहताना कातळावर कोणीतरी चुरमुरे सांडल्यासारखे वाटते. पोर्सलेनमध्ये करण्यासाठी याहून सोयीचे फूल मला सुचत नाही, कारण या मातीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचा स्वतःचा पांढरा रंग, आणि गेंदाला दुसरा रंग द्यावा लागत नाही. साताऱ्यातील एका वाचनालयाच्या जिन्यालगतच्या भिंतीसाठी असे तीनशे गेंद करताना जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहीत आहे. मातीकामाची प्राथमिक ओळख असलेल्या, पण सार्वजनिक जागेसाठी प्रथमच काम करणाऱ्या कलाकारासाठी हे लेखन आहे.

काम मातीपासून सुरू करू नये, भिंतीपासून करावे. जागेवर जाऊन किमान दोनदा, एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा संध्याकाळी दिवे लागल्यावर, अर्धा तास उभे राहावे. माणसे कोणत्या बाजूने वळतात, दप्तरे व छत्र्या कुठे घासतात, लहान मुलांचा हात कुठपर्यंत पोहोचतो आणि झाडू मारणाऱ्या बाईंचा झाडू किती उंच जातो, हे वहीत लिहून काढावे. माझ्या भिंतीवर जिन्याच्या कठड्यापासून हात सहज पुढे करता येत होता, म्हणून मांडणीची खालची कड ठरवताना मजल्यापासूनची उंची न मोजता प्रत्येक पायरीपासूनची मोजावी लागली. लोकांच्या वावराचा हिशेब मोठ्या संस्थांनाही चुकतो. २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात आय वेवे या चिनी कलाकाराने चीनमधील चिंगदेचन येथे हाताने रंगवलेल्या पोर्सलेनच्या सुमारे दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया जमिनीवर पसरल्या होत्या. त्यांवर लोकांनी चालावे अशी मूळ कल्पना होती, पण चालण्याने उडणाऱ्या धुळीमुळे काही दिवसांतच ते थांबवावे लागले.

कासच्या फुलांचा अभ्यास तिथल्या वाटेवरूनच करावा. हे पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाचा भाग म्हणून समाविष्ट आहे आणि तिथे फूल तोडण्यास मनाई आहे. साच्यासाठी एखादा गेंद खुडून आणावा, हा मोह मनातही आणू नये. वहीत रेखाटने करावीत, शेजारी पट्टी धरून छायाचित्रे घ्यावीत आणि दांडी व डोके यांचे प्रमाण लिहून ठेवावे. प्रत्यक्ष गेंद जेमतेम एक सेंटीमीटरचा असतो. जिन्यावरून चालताना तो दिसणार नाही, म्हणून मी डोके तीन सेंटीमीटरचे ठरवले. ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे तो वायतुराही करून पाहावासा वाटतो, परंतु त्याच्या फुलोऱ्याचे दोन फाटे भट्टीत हमखास वाकतात. तो करायचाच असेल तर भट्टीत न वितळणाऱ्या अ‍ॅल्युमिना पावडरच्या गादीवर आडवा ठेवून भाजावा.

आता माती. पोर्सलेन म्हणजे ढोबळमानाने निम्मे केओलिन आणि उरलेल्या निम्म्यात फेल्डस्पार व क्वार्ट्झ असे मिश्रण होय. केओलिन पांढरेपणा देते, फेल्डस्पार उष्णतेत वितळून सगळ्याला काचेसारखे बांधते आणि क्वार्ट्झ सांगाड्याचे काम करते. आपल्याकडच्या कुंभाराची लाल माती आव्यात तुलनेने कमी उष्णतेतच पक्की होते. पोर्सलेनला साधारण १२८० अंश सेल्सिअस लागतात. सुरुवातीला मिश्रण स्वतः करण्यापेक्षा तयार माती घ्यावी, पण एकाच कामाची सगळी माती एकाच खेपेची असावी. लाल मातीशी तिचा संपर्क अजिबात येऊ देऊ नये. माझ्या पहिल्या खेपेतील चाळीसेक गेंदांवर तपकिरी ठिपके उमटले तेव्हा मी मातीला दोष दिला होता; नंतर लक्षात आले की उन्हाळ्यात खिडकीतून येणारी जांभ्याची तांबडी धूळ पाटावर बसत होती, आणि त्या धुळीतले लोह भट्टीत रंग सोडत होते. तेव्हापासून पोर्सलेनचा पाट, स्पंज, तार आणि पाण्याचे भांडेसुद्धा वेगळे आहे.

मातीचे आकुंचन पाकिटावर छापलेले असले तरी स्वतः मोजावे. ओल्या मातीची पट्टी लाटून तिच्यावर बरोबर दहा सेंटीमीटरची रेघ ओढावी आणि पट्टी पूर्ण भाजून पुन्हा मोजावी. माझी रेघ ८.६ सेंटीमीटर भरली, म्हणजे आकुंचन १४ टक्के. यावरून तीन सेंटीमीटरच्या गेंदासाठी ओला गोळा साडेतीन सेंटीमीटरचा हवा, कारण ३० भागिले ०.८६ म्हणजे जवळजवळ ३५ मिलीमीटर. भोकांनाही हाच हिशेब लागतो: दोन मिलीमीटरची तार बसवायची असेल तर ओल्या मातीत भोक किमान अडीच मिलीमीटरचे पाडावे.

तार कशासाठी, हा प्रश्न इथे येईलच. दांडी पोर्सलेनची करू नये, हे मी नुकसान सोसून सांगतो. सर्वोच्च तापमानाला पोर्सलेन इतके मऊ होते की स्वतःचे वजन पेलताना झुकते. माझे पहिले बारा गेंद दांडीसकट उभे भाजले होते, आणि भट्टी उघडली तेव्हा ते वाऱ्याने लोळवलेल्या ज्वारीसारखे सगळे एकाच बाजूला पडलेले होते. आणि दांडी सरळ राहिली असती, तरी पहिल्याच धक्क्याला मोडली असती. दांडीसाठी स्टेनलेस स्टीलची तार घ्यावी. ती लवते आणि डोके वाचवते.

एका गेंदाची कृती अशी. पस्तीस मिलीमीटरचा गोळा तळहातावर वळून पाच-दहा मिनिटे तसाच ठेवावा, म्हणजे तो बोटाला चिकटेनासा होईल. मग खालच्या बाजूने बारीक तारेच्या कोरणीने आतली माती काढून भिंत पाच मिलीमीटरची ठेवावी. भरीव गोळ्याच्या पोटात ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होऊन गोळा फुटतो, आणि फुटताना शेजारच्या दहांना घेऊन जातो. पोकळीच्या तोंडावर मातीची चकती बसवावी. दोन्ही कडांवर सुईने आडव्याउभ्या रेघा मारून त्याच मातीचा घट्ट रबडीसारखा गारा लावावा आणि दाबावे. चकतीच्या मधोमध भोक पाडावे. तेच तारेचे घर आणि तीच वाफेची वाट. आता डोक्यावरच्या इवल्या फुलांचा पोत. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये गाळलेला गारा भरून शेंड्यापासून गोल गोल फिरत ठिपके द्यावेत. प्रत्येक ठिपका सोडताना हात किंचित वर ओढला की त्याला टोक येते, आणि ही टोकेच पुढे प्रकाश धरतात. पहिल्या दिवशी माझे वीसही झाले नव्हते. आठवड्याअखेरीस साठ होऊ लागले. प्रत्येक गेंदाच्या तळाशी ओल्यातच क्रमांक कोरावा.

पाकळ्यांचे फूल करणाऱ्यांसाठी एक सूचना. पाकळी दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये धरून अंगठ्याने कडेकडे पातळ करावी; दोन मिलीमीटरच्या आत गेलेल्या पोर्सलेनमधून प्रकाश पार होतो. पण फूल जोडताना ते हवे त्यापेक्षा थोडे मिटलेले ठेवावे. उरलेले ते भट्टीत आपोआप उमलते.

वाळवण्याची घाई आणि ऋतू यांचा जवळचा संबंध आहे. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा उलटला तरी माती गालाला गार लागते, म्हणजे आत ओल असते. एप्रिल-मेमध्ये उलट, जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने वाळून सांध्यावर तडा जातो. मी दिवाळी ते होळी हा काळ घडवण्यासाठी राखतो. पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली आणि नंतर वर्तमानपत्राखाली ठेवावे. वाळलेले पोर्सलेन कोरडे घासू नये. त्याच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साचते व सिलिकोसिस होतो. ओल्या स्पंजनेच काम करावे, फरशी झाडू नये, पुसावी, आणि कोरडी माती हाताळताना एन-९५ मास्क लावावा.

पहिली भाजणी साधारण ९५० ते १००० अंशांपर्यंत करावी. ६०० अंश होईपर्यंत तासाला शंभर अंशांहून वेगाने जाऊ नये, कारण या टप्प्यात मातीत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी बाहेर पडते आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झचे स्फटिक एकदम प्रसरण पावतात. पहिल्या भाजणीनंतर झिलई द्यावी की नाही, यावर मतभेद आहेत. गेंदाला मी झिलई देत नाही. ठिपक्यांच्या टोकांमधल्या खाचा तिने बुजतात. त्याऐवजी दुसऱ्या भाजणीनंतर बाहेरचा भाग ६०० नंबरच्या पाणी-कागदाने पाण्याखाली हलकेच घासतो. पूर्ण पक्के झालेले पोर्सलेन पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे झिलईवाचूनही ते धुता येते. खालची पाने हिरवी करायची असतील तर क्रोमचा रंग वापरता येतो, मात्र कथिलयुक्त पांढऱ्या झिलईच्या शेजारी तो भाजू नये. क्रोमची वाफ त्या झिलईला गुलाबी करते.

दुसऱ्या भाजणीत फळीला अ‍ॅल्युमिनाचा लेप द्यावा, नाहीतर पोर्सलेन फळीला चिकटते. तापमानमापकावर एकट्यावर विसंबू नये. आत कोन, म्हणजे ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारे मातीचे छोटे सुळके, ठेवावेत, कारण मातीवर नुसत्या अंशांचा परिणाम होत नाही, किती वेळ ती उष्णतेत राहिली यालाही महत्त्व असते. एका मे महिन्यात वळीव आला आणि भट्टी ११०० अंशांवर असताना वीज गेली. अशा वेळी झाकण उघडून पाहण्याची इच्छा अनावर होते. उघडू नये. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरुवातीपासून तापवली आणि एकही गेंद गेला नाही. भट्टी शंभर अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडायची नाही, हा नियम वीज असतानाही पाळावा.

मांडणीसाठी मी १८ मिलीमीटरच्या मरीन प्लायवर जांभ्याच्या रंगाचा लेप देऊन तारा बसवल्या. डोक्याच्या भोकात थोडा दोन भागांचा इपॉक्सी गोंद सोडून तार खोचावी. बाहेर आलेला इपॉक्सी तेव्हाच पुसावा, कारण तो पुढे पिवळा पडतो. दोन गेंदांतील अंतर हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे. प्रत्येक तार चारही बाजूंना लववून पाहावी, आणि शेजारच्या डोक्याला डोके लागत असेल तर ती काढून पुन्हा बसवावी. दाटी दिसण्यासाठी अंतर कमी करण्यापेक्षा दांड्यांची उंची पंधरा ते पंचवीस सेंटीमीटरमध्ये कमीजास्त ठेवावी. पठारावरही ती तशीच असते. दिवा समोरून दिला तर सगळे सपाट दिसते. तो वरून, एका बाजूने आणि पिवळसर प्रकाशाचा असावा.

शेवटी, तीनशे लागणार असतील तर साडेतीनशे करावेत, आणि तेही त्याच मातीचे व त्याच भाजणीचे. वाचनालयाच्या कपाटात एका खोक्यात फोमच्या खाचांमध्ये उरलेले गेंद, तारेचे तुकडे, इपॉक्सीची जोडी आणि क्रमांकांचा नकाशा ठेवला आहे. स्वच्छतेसाठी फडका न देता रंगाऱ्याचा मऊ ब्रश दिला आहे, कारण फडक्याचे धागे टोकांत अडकतात. पहिल्या वर्षात सात गेंद बदलावे लागले, त्यांतील पाच कठड्याच्या वळणावरचे. म्हणून आता त्या कोपऱ्यात गेंद लावलेले नाहीत, नुसता तांबडा कातळ ठेवला आहे.