काठाला दगड रचण्याआधी नदी कशी वाचावी

काठ ढासळू लागला की लोक आधी दगडांचा ट्रक मागवतात. इतकी वर्षं भूगोल शिकवल्यावर माझा आग्रह एकच: ट्रक थांबू द्या, आधी नदीबरोबर चाला. निदान दोन वळणं वरच्या अंगाला, दोन खालच्या. जायचं ते पाणी ओसरल्यावर. पुरात आतून पोखरलेली कड माणसासकट खाली येते.

प्रत्येक वळणावर दोन्ही बाजू पाहा. बाहेरच्या अंगाला पाण्याला जोर असतो. तिथे डोह खोल, काठ उभा कापलेला आणि झाडांची मुळं उघडी पडलेली. आतल्या अंगाला वेग मंदावतो, म्हणून वाळू-गोटे साचतात. एकीकडे खणायचं, दुसरीकडे टाकायचं, असं करत वळण सरकत राहतं. नागमोडी नदीत एका वळणापासून त्याच दिशेच्या पुढच्या वळणापर्यंतचं अंतर साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट भरतं. जुने नकाशे आणि उपग्रहचित्रंही शेजारी ठेवा. काठालगत चंद्रकोरीच्या आकाराची तळी दिसली तर ती नालाकृती सरोवरं, म्हणजे नदीने सोडून दिलेली वळणं. तिथली जमीन सपाट आणि सुपीक असते, पण बांधकामासाठी मी तरी ती निवडणार नाही.

मग कापलेल्या काठाची माती चोळून बघा. वाळू चटकन वाहते. चिकणमातीचे कण बारीक असले तरी एकमेकांना धरून असतात, त्यांना उचकटायला जास्त वेग लागतो. वर चिकणमाती आणि खाली वाळू असेल, तर काठ खालून पोकळ होणार. अशा ठिकाणी वरून गवत लावून भागत नाही, पायथा सांभाळावा लागतो.

आता विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते, मोजा. पाणी गुडघ्याखाली असेल तरच पात्रात उतरा. सरळ भागात २० मीटरवर दोन दोऱ्या आडव्या ताणा आणि संत्रं सोडा. ते अर्धवट बुडून वाहतं, म्हणून वारा त्याला फारसा ढकलत नाही. वेळ तीन-चारदा घेऊन सरासरी काढा. समजा २५ सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर. तळाशी पाणी सावकाश जातं, म्हणून ०.८५ने गुणा: ०.६८. पात्र ८ मीटर रुंद आणि सरासरी ०.४ मीटर खोल असेल, तर छेद, म्हणजे रुंदी गुणिले खोली, ३.२ चौरस मीटर आणि त्याला वेगाने गुणल्यावर विसर्ग सुमारे २.२ घनमीटर प्रतिसेकंद. झाडांना अडकलेला कचरा पुराची उंची सांगतो, तीही वहीत टिपा.

पण नुसत्या विसर्गावर विसंबू नका. २००८च्या ऑगस्टमध्ये कोसी नदीचा तटबंध नेपाळमध्ये कुसहाजवळ फुटला, तेव्हा पाणी त्याच्या आराखड्यातल्या क्षमतेपेक्षा कितीतरी कमी होतं. दोन तटबंधांच्या मध्ये गाळ साचून तळ वर आला होता. त्यामुळे तळाची पातळी दर पावसाळ्यानंतर मोजायची, आणि ती आसपासच्या जमिनीशी ताडून पाहायची. धरणाच्या खाली उलटी तक्रार असते. गाळ वर अडतो आणि खाली सुटलेलं पाणी तळ खरवडत जातं.

एवढं हातात आल्यावर उपाय निवडा. बाहेरच्या काठाला दगड लावले की धार खालच्या वळणावर जोर काढते, म्हणून तिथला काठ कुणाचा आहे ते आधी विचारा. वळणं सरळ करण्याचा मोह तर टाळाच. फ्लोरिडातल्या किसिमी नदीचं १९६०च्या दशकात सरळ कालव्यात रूपांतर केलं, दलदली सुकल्या. मग वळणं परत आणण्याचं काम १९९९मध्ये सुरू झालं ते २०२१पर्यंत चाललं. जागा असेल तर मी नेदरलँड्समधल्या नायमेखेनचा मार्ग घेईन. तिथे वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेला आणि पुराला शेजारून वाहायला दुसरा प्रवाह खोदून दिला. जागा नसेल तर काठाचा उतार कमी करा, पायथ्याशी दगड, वर वाळुंजासारखी खोल मुळांची झाडं. पहिला पूर ओसरला की त्याच जागेवरून फोटो काढा आणि खालचं वळणही बघून या.