संकष्टीला अर्धशिशी उठू नये म्हणून

मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, असलेले बरेच जण आधी लोणचं, दही, चॉकलेट बंद करतात. उपाशी पोटाकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. 8 तासांहून जास्त वेळ पोट रिकामं राहिलं की एरवी धडधाकट माणसाचंही डोकं दुखू शकतं. संकष्टीला चंद्रोदय रात्री साडेआठ-नऊच्या पुढेच, आणि सकाळपासून चहावर काढलेलं असतं.

उपवास मोडायची गरज नाही, वेळा पाळा. उठल्यावर तासाभरात केळं आणि मूठभर शेंगदाणे, पुढे दर 3-4 तासांनी थोडं थोडं. नुसता साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च. भिजवलेल्या वाटीभर साबुदाण्याला अर्धी वाटी दाण्याचं कूट घाला, सोबत वाटीभर दही घ्या. त्याहून बरी वरईची भगर आणि दाण्याची आमटी. पाणी तहान लागेपर्यंत थांबून पिऊ नका. निर्जळी मात्र अर्धशिशीवाल्यांनी करूच नये. मधुमेहाची औषधं चालू असतील तर उपवासाचं आधी डॉक्टरांना विचारा.

चहाची गडबड दोन्हीकडून होते. रोज चार-पाच कप घेणाऱ्याने एकदम सोडला तर 24 तासांच्या आत डोकं ठणकायला लागतं. भूक मारायला दोन कप जास्त घेतले की रात्रीची झोप बिघडते, तेही निमित्त पुरतं. म्हणून कप तेवढेच, वेळ तीच. कमी करायचा तर आठवड्याला एक कप.

एवढं करूनही डोकं उठत असेल तर वही घाला: जेवणाची वेळ, काय खाल्लं, झोप, पाळी, दुखणं कधी सुरू झालं. पदार्थ बंद करायचा तर एका वेळी एकच, 4 आठवडे. दहा पदार्थ एकदम सोडले तर नेमका कोणता बाधतो ते कळत नाही. चॉकलेटवर आळ घेताना सांभाळून! झटका येण्याच्या आदल्या दिवशी जांभया येतात, मान आखडते आणि गोड खावंसंही वाटतं. तेव्हा खाल्लेलं चॉकलेट कारण नसून पूर्वसूचना असू शकतं.

वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी नको. साध्या गोळ्या महिन्यात 15 दिवस लागायला लागल्या तर त्या गोळ्यांनीच डोकेदुखी वाढते. दुखणं अचानक, कधी नव्हे इतकं तीव्र असेल, हातापायातली शक्ती गेली किंवा बोबडी वळली तर आहाराचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.