आंतरकर्णाचं इमेजिंग शिकताना: यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीचं काम

ऐकू कमी येतं म्हणजे आत नेमकं काय बिघडलं, हे जिवंत माणसाच्या कानात डोकावून आजही सांगता येत नाही. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याने सुरुवात या अडचणीपासून करावी, कारण पुढची प्रत्येक पद्धत याच अडचणीवर शोधलेली वाट आहे. कॉक्लिआ, म्हणजे आंतरकर्णातला ऐकण्याचा शंखाकृती अवयव, शरीरातल्या सर्वांत टणक हाडात बंदिस्त असतो. त्याची बायोप्सी करता येत नाही, केली तर उरलेलं ऐकूही जातं. रुग्णालयातल्या सीटी आणि एमआरआयचं रिझोल्यूशन साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या घरात असतं आणि केशपेशीची (आवाज टिपणाऱ्या पेशीची) रुंदी जेमतेम 10 मायक्रॉन. म्हणजे जी पेशी मेल्यामुळे ऐकू येईनासं होतं, ती या चित्रात दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही सीटी-एमआरआयला कमी लेखू नका. जन्मजात रचनादोष, रुंदावलेला व्हेस्टिब्युलर अ‍ॅक्विडक्ट (आंतरकर्णातून निघणारी हाडातली अरुंद नळी), ओटोस्क्लेरोसिस या कानाच्या हाडाच्या आजारात लंबगोल खिडकीच्या (मध्यकर्णातून आंतरकर्णात उघडणाऱ्या छिद्राच्या) पुढच्या कडेला विरळ झालेलं हाड हे सगळं सीटीत सापडतं. श्रवणतंतू आहे की नाही, हे एमआरआय सांगतो. शिरेतून गॅडोलिनियम देऊन साधारण चार तासांनी 3 टेस्लावर फ्लेअर (एमआरआयचा एक प्रकार) काढला, तर आंतरकर्णातल्या दोन द्रवांपैकी बाहेरचा पेरिलिम्फ उजळतो, आतला एंडोलिम्फ काळा राहतो आणि मेनिएरच्या (चक्कर आणि बहिरेपणाच्या) आजारातली एंडोलिम्फची फुगवट दिसू शकते. पेशी पाहायच्या असतील तर मात्र देहदानातून मिळालेलं टेम्पोरल बोनच (कान ज्यात असतो ते कवटीचं हाड) लागतं, आणि खरी मेहनत तिथे सुरू होते.

मृत्यूनंतर केशपेशी फार लवकर विरघळू लागतात. शक्यतो 6 ते 12 तासांत फिक्सेटिव्ह (ऊतक आहे तसा टिकवणारं द्रावण) आत पोहोचायला हवं. अख्खं हाड फॉर्मालिनच्या बरणीत टाकणं पुरत नाही. हाडातून ते झिरपेपर्यंत आतला ऊतक संपलेला असतो. म्हणून रिकीब (लंबगोल खिडकीत बसलेलं इवलंसं हाड) अलगद उचलायची, गोल खिडकी या दुसऱ्या छिद्राच्या पडद्याला बारीक छिद्र पाडायचं आणि लंबगोल खिडकीतून 10 टक्के बफर्ड फॉर्मालिन हळूहळू सोडायचं, म्हणजे ते गोल खिडकीतून बाहेर येतं. आतला पेरिलिम्फ एका मिलिलिटरपेक्षा कितीतरी कमी असतो, त्यामुळे हलका हात हवा. सिरिंज जोरात दाबली की पेरिलिम्फ आणि एंडोलिम्फ यांच्यामधला राइसनरचा पडदा फाटतो किंवा एका बाजूला फुगतो. तो दोनच पेशींच्या थराचा असतो. असा फुगलेला पडदा पुढे स्लाइडवर पाहणाऱ्याला मेनिएरचा आजार वाटतो. हवेचा बुडबुडा आत गेला तरी तेच: त्या जागेला फिक्सेटिव्ह लागत नाही आणि मायक्रो-सीटीत (छोट्या नमुन्यांच्या अतिबारीक सीटीत) तिथे काळी पोकळी दिसते.

त्यानंतर हाडातलं कॅल्शियम काढायचं. आम्लाने हे काम लवकर उरकतं, पण अँटीबॉडीने रंगवायचं असेल तर आम्ल टाळा, त्याने प्रथिनांची ओळख पुसली जाते. त्याऐवजी कॅल्शियम बांधून काढणारं ईडीटीए हे रसायन घ्या: 10 टक्के द्रावण, पीएच 7.2 ते 7.4, ऊतकाच्या निदान वीसपट, आठवड्याला एकदा बदल, संथ हलवणाऱ्या शेकरवर. द्रावण बनवताना सोडियम हायड्रॉक्साइड घालत पीएच वर आणावा लागतो, नाहीतर पावडर सहजी विरघळत नाही. उंदराचा कॉक्लिआ दोन-तीन दिवसांत मऊ होतो. माणसाच्या टेम्पोरल बोनला महिने लागतात. ड्रिलने आजूबाजूचं हाड कमी केलं तर वेळ वाचतो, पण ड्रिल सतत पाण्याखाली चालवा. तापलेलं टोक आतला ऊतक शिजवतं. काम संपलं का, हे सुई टोचून तपासू नका. एक्स-रे किंवा मायक्रो-सीटी काढा. बहुतेक वेळा मॉडिओलसच्या (कॉक्लिआच्या मधल्या हाडाच्या खांबाच्या) गाभ्यात कॅल्शियम सगळ्यात शेवटी उरतं, आणि त्याच गाभ्यावर पुढे ब्लेड अडकून नमुना फाटतो.

मायक्रो-सीटी ईडीटीएच्या आधीही करा, नंतरही. आधीच्या स्कॅनमधून खरी लांबी-रुंदी कळते, नंतरच्या पायऱ्यांत ऊतक किती आकसला ते त्यावरून मोजता येतं. ही जोडी नसेल तर तुमच्या मायक्रॉनमधल्या मापांना आधार उरत नाही. 8 मायक्रॉनच्या व्हॉक्सेलने (त्रिमितीय चित्राच्या सर्वांत लहान ठोकळ्याने) 2048 च्या घनात सुमारे 16 मिलिमीटरचा भाग मावतो, म्हणजे मानवी कॉक्लिआ आरामात बसतो. अशी एक 16-बिट फाइल 17 जीबीच्या आसपास जाते, त्यामुळे साठवणुकीची सोय स्कॅनच्या आधी बघा. व्हॉक्सेल 8 मायक्रॉनचा म्हणून 8 मायक्रॉनची वस्तू दिसेल असं समजू नका. वस्तू ओळखायला दोन-तीन व्हॉक्सेल तरी लागतात. मऊ भाग साध्या एक्स-रेत जवळजवळ दिसतच नाही. ऑस्मियम टेट्रॉक्साइडने तो उठून दिसतो, पण ते डोळ्यांना आणि श्वासाला घातक आहे, फ्यूम हूडबाहेर बाटली उघडायची नाही. आयोडीन सोपं, मात्र ऊतक आकसवतं. स्कॅन करताना नमुना ओल्या कापसात किंवा अगारोजमध्ये घट्ट बसवा. सुकला किंवा किंचित सरकला तरी प्रत्येक कड दुहेरी येते. सिंक्रोट्रॉनवर (अतितेजस्वी एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीने रंग न लावताही पडदे दिसतात, पण तिथे वेळ अर्ज करून मिळवावी लागते.

लाइट-शीट सूक्ष्मदर्शकासाठी (जो प्रकाशाच्या पातळ पट्ट्याने नमुना थराथराने पाहतो) नमुना पारदर्शक करावा लागतो: अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, ब्लीचिंग, आणि शेवटी एथिल सिनॅमेटसारखं द्रावण, ज्याचा अपवर्तनांक 1.56 च्या जवळ असतो. दुधाळ ढग राहिला तर बहुधा पाणी उरलेलं असतं. 100 टक्क्यांची पायरी ताज्या अल्कोहोलने पुन्हा करा. नवख्यांची एक चूक हमखास होते: मिथेनॉल वापरायचं ठरलेलं असतं आणि अ‍ॅक्टिन या प्रथिनासाठी फॅलॉइडिन हा रंग लावलेला असतो. मिथेनॉलमध्ये अ‍ॅक्टिनची घडी मोडते आणि फॅलॉइडिन चिकटत नाही. अशा वेळी केशपेशींसाठी मायोसिन 7ए, सायनॅप्सच्या (केशपेशी आणि चेतातंतूच्या जोडाच्या) रिबनसाठी सीटीबीपी2 आणि चेतातंतूंसाठी न्यूरोफिलामेंट यांच्या अँटीबॉडी वापराव्यात. उतारवयातल्या ऊतकात लिपोफ्युसिन (वयाबरोबर पेशींत साठणारं रंगद्रव्य) आपोआप चमकतं, म्हणून प्रायमरी अँटीबॉडीशिवायचा एक तुकडा दर वेळी सोबत हवाच.

आता मोजणी. बॅसिलर मेम्ब्रेन (केशपेशी ज्यावर असतात तो कॉक्लिआतला लांब पडदा) सरासरी 35 मिलिमीटरची, पण माणसागणिक बराच फरक. म्हणून ‘पायथ्यापासून इतके मिलिमीटर’ ऐवजी लांबीचा टक्का लिहा आणि ग्रीनवुडच्या सूत्राने त्याची वारंवारता काढा: 165.4 × (10 चा 2.1क घात − 0.88), इथे क म्हणजे शिखरापासूनचं अंतर भागिले एकूण लांबी. बरोबर मध्यावर सुमारे 1,700 हर्ट्झ येतात. 4,000 हर्ट्झ शिखरापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर. गोंगाटाने झालेल्या बहिरेपणात ऑडिओग्रामवर (श्रवणचाचणीच्या आलेखावर) खाच तिथेच दिसते, त्यामुळे हा पट्टा कापताना हरवू देऊ नका.

आतल्या केशपेशी सुमारे 3,500, बाहेरच्या 12,000. बाहेरच्या पेशी सहसा तीन ओळींत असतात, पण माणसाच्या शिखराकडे चौथी-पाचवी ओळ येते, विस्कळीत आणि मधेमधे तुटलेली. ती निरोगी कानातही तशीच असते, तिथल्या मोकळ्या जागा ‘पेशी गेल्या’ म्हणून मोजू नयेत. सगळ्यात नाजूक प्रश्न हा की समोरची रिकामी जागा आजाराची की मृत्यूनंतरच्या तासांची? जिवंतपणी पेशी मेली असेल तर शेजारच्या आधारपेशी पसरून ती जागा बुजवतात आणि नीट व्रण दिसतो. मृत्यूनंतर गळली असेल तर कडा फाटलेल्या, भोवती कचरा आणि आधारपेशीही विस्कटलेल्या. मायोसिनचा रंग नाही म्हणजे पेशी नाही, असं न धरता केंद्रकांचा रंग आणि आधारपेशींची मांडणी दोन्ही पाहा.

हा फरक किती मोलाचा, ते वयोमानाच्या बहिरेपणावरून कळेल. अनेक वर्षं स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिसच्या (कॉक्लिआला विद्युतऊर्जा पुरवणाऱ्या ऊतकाच्या) ऱ्हासाला त्यात मोठं स्थान दिलं जात होतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या संग्रहातल्या मानवी स्लाइडवर केशपेशी काळजीपूर्वक मोजल्या गेल्या, तेव्हा ऑडिओग्रामशी सर्वांत जास्त मेळ केशपेशींच्या नाशाचा निघाला. यंत्र तेच होतं, मोजणी बदलली.

म्हणून नमुना स्वीकारताना कागद आधी बघा: संमतीपत्र, वय, डावा की उजवा कान, मृत्यू ते फिक्सेशन यांतले तास, आणि मृत्यूच्या जवळच्या काळातला ऑडिओग्राम. हा ऑडिओग्राम नसेल तर चित्र कितीही सुंदर आलं तरी त्यावरून ऐकण्याबद्दल बोलता येत नाही. मोजणाऱ्याला ऑडिओग्राम दाखवू नका आणि तोच पट्टा दोघांनी वेगवेगळा मोजा. हात बसेपर्यंत उंदराचे कॉक्लिआ घ्या. लांबी 6 मिलिमीटरच्या आसपास, नमुने मिळतात, चुका परवडतात. फिजी आणि थ्रीडी स्लायसर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, सेगमेंटेशनचा (चित्रातले भाग वेगळे आखण्याचा) सराव त्यांवरच सुरू करा. माणसाचं हाड हातात येण्याआधी ड्रिल, ईडीटीए आणि मोजणी या तीन गोष्टी तुमच्याकडून न चुकता होऊ द्या. ते हाड कुणीतरी विश्वासाने दिलेलं असतं आणि दुसऱ्यांदा मिळत नाही.