उठताना चक्कर येते? आधी पावलं हलवा

अलार्म वाजला की ताडकन उठायचं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की कपाट धरायचं, हा माझा रोजचा प्रकार. आता असं करते:

१. जाग आली की पडल्यापडल्याच पावलं १५-२० वेळा वर-खाली हलवायची.
२. कुशीवर वळून उठायचं, पाय खाली सोडून मिनिटभर नुसतं बसायचं. घाई नडते ती इथेच.
३. उशाशी ठेवलेलं पेलाभर पाणी बसूनच प्यायचं.

तरीही गरगरलं तर लगेच खाली बसा, भिंतीचा भरवसा नको. चक्कर येताना बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हातापायांतली ताकद गेली, तर घरगुती उपाय करत न बसता तडक हॉस्पिटल गाठा.